डुकराच्या अंडपेशी पिकवताना: बेळगावातला माझा अनुभव

डुकराचा अवयव माणसात बसवल्याची बातमी आली की चर्चा होते ती जनुकांची. जानेवारी 2022 मध्ये मेरीलँडला बसवलेल्या हृदयात 10 जनुकबदल होते, मार्च 2024 मध्ये बोस्टनला बसवलेल्या मूत्रपिंडात 69. पण पेशीत बदल कितीही नेमका झाला तरी तिच्यापासून क्लोन करायला नीट पिकलेलं, म्हणजे फलनाला तयार झालेलं अंडं लागतं (त्याचं केंद्रक काढून त्या जागी ही पेशी बसवतात), आणि माझ्या मते निम्मं अपयश तिथलंच असतं. आमचं काम साध्या पेशी वापरून प्रयोगशाळेतल्या भ्रूणापर्यंतच जातं. जनुकबदल करायचा असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून परवानग्या सुरू होतात, आणि डुक्कर मोठं जनावर असल्याने प्राणीप्रयोगांच्या केंद्रीय समितीकडेही जावं लागतं.

अंडाशय रविवारी पहाटे खाटकाकडून मिळतात. वेळ मोजायची ती जनावर कापल्यापासून, अंडाशय हातात आल्यापासून नव्हे. केस काढायला उकळतं पाणी ओततात किंवा अंग भाजतात, पोट त्यानंतर फाडतात. तोवर अंडाशय आतच असतो. म्हणून खाटकाला आधीच सांगून ठेवावं, आणि ‘पिशवीच्या (म्हणजे गर्भाशयाच्या) दोन्ही टोकांच्या गाठी’ असं सांगितलं की त्याला बरोबर कळतं. थर्मासमध्ये 0.9 टक्के सलाइन, त्यात पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, तापमान 35 अंशांच्या आसपास. डुकराच्या अंड्यात चरबीचे थेंब ठासून भरलेले असतात, त्यामुळे ते थंडी अजिबात सोसत नाही. 15 अंशांच्या खाली गेलं की पेशीचं आवरण बिघडतं आणि नंतर ऊब देऊन काही उपयोग होत नाही. बेळगावची डिसेंबर-जानेवारीची पहाट म्हणजे नेमकं हेच तापमान. रिकाम्या थर्मासला आधी गरम पाण्याने तापवून घ्यावं, नाहीतर खानापूर रस्त्यावरच सलाइन गार होऊन जातं. दोन तासांत प्रयोगशाळा गाठली तर उत्तम.

माजावर येऊन गेलेल्या मादीचा अंडाशय पिकल्या करवंदांच्या घोसासारखा उठावदार दिसतो, कोवळ्या मादीचा गुळगुळीत. कापायला येतात त्या बहुतेक कोवळ्याच, आणि त्यांची अंडी जरा कमकुवत. दोन्ही वेगळी ठेवावीत, म्हणजे निकाल वाचताना गोंधळ होत नाही. 18 गेजची सुई, 10 मिलीची सिरिंज, आणि अंडाशयावरचे फक्त 3 ते 6 मिलिमीटरचे फोड, म्हणजे ज्यांत अंडं असतं त्या द्रवाच्या पिशव्या. बारक्या फोडांतलं अंडं पिकत नाही. सिरिंज जोरात ओढली की भोवतालच्या पेशी सोलल्या जातात आणि उघडं अंडं हाती येतं. ते टाकून द्यावं. भोवती निदान तीन थर पेशी आणि आतला गर एकसारखा गडद, एवढं दिसलं तरच घ्यावं.

पिकवायला टीसीएम-199 हे पेशी वाढवायचं तयार माध्यम, त्यात 10 टक्के डुकराचंच फोडातलं द्रव, सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि 10 नॅनोग्रॅम प्रति मिली ईजीएफ हे वाढीला चालना देणारं प्रथिन. 500 मायक्रोलिटरमध्ये पन्नासेक अंडी, वर तेल. 39 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. पहिले 22 तास हार्मोनसह, पुढचे 20-22 तास हार्मोनशिवाय. अदलाबदल विसरून चालत नाही. पावसाळ्यात वीज गेली तर इन्क्युबेटरला यूपीएस हवाच, आणि दार उघडायचा मोह टाळावा.

शेवटी भोवतालच्या पेशी फुलून चिकट होतात. हायलुरोनिडेज या विकराने त्या सोडवल्या की पहिला ध्रुवपिंड, म्हणजे पिकलेल्या अंड्याने बाहेर टाकलेली बारकी पेशी, शोधायचा. तो दिसेल तेवढीच अंडी पुढे. त्यांचं केंद्रक काढायचं असतं, पण ते थेट दिसत नाही, चरबीच आड येते. म्हणून डीएनएला चिकटून चमकणारा होएक्स्ट 33342 हा रंग देऊन अतिनील प्रकाशात बघतात. हा प्रकाश काही सेकंदच पडू द्यावा, जास्त वेळ ठेवला तर अंडंच भाजतं. मायक्रोमॅनिप्युलेटर (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुई हलवायचं यंत्र) नसेल तर हाताने पात्याने अंडं कापायची पद्धतही आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने 2009 मध्ये म्हशीचे क्लोन याच हातपद्धतीने केले. तिला यंत्र स्वस्त लागतं, पण हात स्थिर हवा.

मग दात्याची पेशी, म्हणजे ज्याचा क्लोन करायचा त्याची पेशी, बसवायची, विजेच्या झटक्याने जोडायची आणि अंड्याला जागं करायचं, म्हणजे फलन झाल्यासारखं विभागायला लावायचं. झटक्याच्या द्रवात क्षार जास्त राहिले तर अंडी फुटतात, म्हणून त्यात दोनदा धुऊन घ्यावीत.

डुकरीण 114 दिवसांत विते, पण सुरुवातीला गर्भात निदान चार जिवंत भ्रूण नसतील तर गाभ टिकत नाही. क्लोन केलेले बहुतेक भ्रूण मध्येच थांबतात, म्हणून एका मादीत शंभर-शंभर भ्रूण सोडतात. एवढी अंडी एका दिवशी चांगली पिकलेली लागतात.

प्रत्येक तुकडीतली काही अंडी केंद्रक न काढता नुसती जागी करून वेगळी वाढवावीत. ती विभागली आणि क्लोन विभागले नाहीत, तर दोष केंद्रक काढण्यात, जोडणीत किंवा दात्याच्या पेशीत. दोन्ही थांबली तर आधी इन्क्युबेटरचं तापमान स्वतंत्र थर्मामीटरने पडताळावं, मग माध्यमाचं पाणी बदलून पाहावं.