आखजीचा रिकामा करा

कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन घेतलं, एसटीने दारव्हा गाठलं आणि तिथून मित्राच्या मामांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांच्या गावी गेलो. ऊन असं, की चष्म्याची दांडी कानाला चटका देत होती. शकुंतला रेल्वे चालू असती तर मूर्तिजापूरहून खिडकीत बसून आलो असतो. ती गाडी बंद झाली याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन दिवस राहिलो. शेत, विहीर, आमरस, झोप. लिहायचं आहे ते आखजीच्या सकाळचं.

इकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने करा-केळी भरतात. कुंभाराकडून नवी मातीची भांडी आणायची, पाण्याने भरायची, पूजा करायची. मामींनी ओसरीत चार भांडी मांडली होती. "पाहुन्याच्या हातचं पानी चालते," म्हणत मामांनी तांब्या माझ्या हाती दिला. त्यांच्या वडिलांचं भरलं, आईचं भरलं, काकांचं भरलं. चौथ्यावर तांब्या तिरपा केला आणि मामांनी माझं मनगट धरलं.

"थो नको. थ्याच्यात पानी नाई टाकत आपन."

चौथा त्यांच्या मोठ्या भावाचा. डिसेंबर १९७१, पश्चिम आघाडी. 'बेपत्ता' अशी तार आली, मग काहीच आलं नाही. ना सामान, ना अस्थी. आई होती तोवर तिने त्याच्या नावाने पाणी घालू दिलं नाही. "माय म्हने, ज्याले पानी पाजाचं थो मेला पाह्यजे." आई गेल्यावर मामा दरवर्षी कुंभाराकडून एक करा जास्त आणतात आणि रिकामाच ठेवतात. न आणणंही त्यांना जमत नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून सातबारा काढला. भावांच्या नावांत त्याचंही नाव आहे. "तलाठी म्हन्ते, दाखला आना. कोनाचा दाखला आनू?" सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर कोर्ट त्याला मृत धरू शकतं, हे मी सांगितलं. मामांनी कागद घडी घालून ठेवला. नको होतं मी सांगायला. त्यांना कायदा माहीत नव्हता असं थोडंच आहे!

मी वाचलेलं सगळं त्या दुपारी मनात उलटंपालटं होत होतं. १९७१ नंतर भारताने सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी परत पाठवले. युद्ध थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडावं, असं १९४९चा जिनेव्हा करार सांगतो. तरीही आपली १९६५ आणि १९७१ची माणसं, जी पाकिस्तानच्या कैदेत राहिली असं मानतात, 'बेपत्ता ५४' या नावाखाली अडकून राहिली. १९७९ साली लोकसभेत सरकारने नावांची यादी ठेवली. २००७ साली काही नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, कोणी सापडलं नाही. पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे असं कोणीच नाही. त्यांतल्या मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर युद्धानंतर तीन वर्षांनी मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली होती. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे यांनी पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांच्यासाठी किती दारं ठोठावली, ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण त्या बातम्यांत अधिकारी असतात, शहरं असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या ओसरीवर कोणी विचारायला येत नाही. गावातल्या स्मारकाच्या शिळेवरही भावाचं नाव नाही, कारण तो शहीद झाल्याचं घरच्यांनीच कधी म्हटलं नाही. मला याचा राग येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

निघताना मामांनी एका चिठ्ठीवर भावाचं पूर्ण नाव आणि पलटण लिहून दिली. "थ्या यादीत पाहशीन का? मले इंग्रजी वाचता येत नाई."

कारंज्याच्या स्टँडवर, पंख्याखाली उभा राहून मोबाइलवर यादी काढली. वरून खाली वाचली, मग खालून वर. आडनावाची स्पेलिंग बदलून पाहिली. नाव नाही.

पंधरा दिवस झाले, मी फोन केलेला नाही. काल मामींचा आला होता, आंबे मिळाले का म्हणून. मागे मामांचा आवाज ऐकू येत होता. मामींनी "बोलता का?" म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्याले फुरसत मिळन तवा सांगन थो."