षड्ज शोधतोय : ऐकण्याच्या वहीतले पहिले चार महिने

ठरवलं होतं साधंच. पाश्चात्त्य अभिजात संगीत काळाच्या क्रमाने ऐकायचं, शेजारी फोनवरचा तंबोरा लावून ठेवायचा आणि प्रत्येक रचनेचा ‘सा’ कुठे आहे, किती वेळ टिकतो हे वहीत लिहायचं. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे संगीत नेमकं कुठे निसटतं, ते पाहायचं होतं.

पहिला महिना. सुरुवातीलाच घबाड. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा संगीतकार पेरोतँ, त्याचं 1198 च्या सुमाराचं ‘विदेरुंत ओम्नेस’, चार आवाज. खालचा आवाज पहिलं अक्षर ‘वि’ धरून मिनिटभर तरी तसाच उभा, आणि वरचे तिघे त्याच्या अंगाखांद्यावर खेळतायत. मी तंबोरा जुळवला, डोळे मिटले, अगदी घरी आल्यासारखं वाटलं. आणि ‘दे’ आलं! खालचा स्वरच सरकला. मी चक्क फोन तपासला. तो आधार नव्हता, धार्मिक गाण्याचा एकेक स्वर ताणून लांब केलेला होता. ज्याला मी तंबोरा समजत होतो, तीच मूळ चाल.

पुढची तीन-चारशे वर्षं भरभर उरकली. सोळाव्या शतकातला पॅलेस्ट्रिना सुंदर आहे, पण रात्री अकरानंतर ऐकू नये, झोप लागते. त्याच काळातल्या इंग्रज टॅलिसच्या चाळीस आवाजांच्या रचनेत (पाच-पाच आवाजांचे आठ गट) सा शोधायचा नाद सोडला आणि नुसता ऐकत बसलो.

दुसरा महिना. बाख. इथे एक फजिती. त्याची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एक मूळ रचना आणि तिचे तीस विस्तार, छापील प्रत 1741 ची) जी मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध स्वरांत, सा आपल्या पेटीची पांढरी पाच. हार्प्सिकॉर्डवरचं (पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) ध्वनिमुद्रण लावलं, तंबोरा पांढरी पाच, आणि दोघांचं भांडण. ॲप बिघडलं म्हणून ते काढून पुन्हा टाकलं. दोन दिवसांनी कळलं : जुन्या धाटणीची वाद्यं वाजवणारे बहुतेक जण आज ‘ए’ (पांढरी सहा) हा स्वर सेकंदाला 440 कंपनांऐवजी 415 वर लावतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. काळी तीन केल्यावर जमलं. बरोक, म्हणजे बाखच्या काळचं संगीत, ऐकणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवा.

तंबोरा मात्र सबंध वेळ चालत नाहीच. एरियाचा (सुरुवातीच्या मूळ रचनेचा) पहिला अर्धा भाग पंचमाला घर करून थांबतो, दुसरा फिरून सा वर येतो. पुढे तीस व्हेरिएशन्सना तोच नकाशा, फक्त तीन मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधार घेऊन. चीज एकच, विस्तार तीस तऱ्हांनी, असं मला वाटायला लागलं होतं. पण विस्तार मुखड्याचा नाही, खालच्या बास ओळीचा आणि तिच्यावरच्या स्वरमेळाचा आहे. मुखडा शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

तिसरा महिना सगळा एकाच रचनेत गेला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. बेथोव्हनची ‘एरोइका’ सिंफनी, व्हिएन्नात 7 एप्रिल 1805 ला पहिल्यांदा जाहीरपणे वाजली. ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. दोन दणके, मग चेलो : सा ग, सा, मंद्र प, सा ग प, सा नी... आणि कोमल नी. भाताच्या घासात खडा यावा तसा. सगळं शुद्ध स्वरांत चाललंय आणि सातव्याच बारला (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) हा उपटसुंभ. लगेच वर शुद्ध नीकडे जाऊन तो सावरतो, पण खडा दाताखाली आलेला असतो.

यानंतर मूळ सा सुटतो तो शेकडो बार. परत यायच्या अगदी तोंडावर व्हायोलिनं प आणि म वर थरथरत असतात, आणि एक हॉर्न धीर न धरवून मधेच ‘सा ग सा प’ वाजवतो. पहिल्या तालमीत बेथोव्हनचा शिष्य रीस याला वाटलं, हॉर्नवाला मोजायला चुकला, तसं तो बोललाही. आपण कानफटीत खाता खाता वाचलो, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. समेच्या आधीच टाळी देणारा एक तरी श्रोता प्रत्येक मैफलीत असतो. इथे तो रचनेतच बसवलाय.

मग खरा सा येतो, सूर तोच, पुन्हा तोच कोमल नी. पण या वेळी तो वर जात नाही, खाली धैवतावर उतरतो आणि गाणं वेगळ्याच दारातून बाहेर पडतं. हे पाचव्या-सहाव्या ऐकण्यात कळलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. ऐकताना फक्त ते दोन कोमल नी पकडा, बाकीचं आपोआप उलगडतं.

चौथा महिना. वाग्नरचा ऑपेरा ‘ट्रिस्टान’, म्युनिक, 1865. प्रील्यूडला (पडदा उघडण्याआधीच्या वाद्यसंगीताला) पांढरी सहा लावून बसलो. सा येणार येणार असं वाटतं आणि दरवेळी हुलकावणी. चारेक तासांच्या ऑपेराच्या टोकाला एकदाचा विसावा मिळतो, तोही पांढरी सातवर! पुढे शोनबर्गपाशी, ज्याने सा धरणंच सोडून दिलं, तंबोरा बंदच केला.

काल उडी मारून 1960 वर गेलो. अमेरिकेतले संगीतकार ला माँट यंग. त्या वर्षाच्या सातव्या रचनेत दोनच स्वर लिहिलेत, बी आणि एफ शार्प, सोबत सूचना : बराच वेळ धरून ठेवणे. पांढरी सातचे सा आणि प. हेच यंग 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकू लागले.

पेटी काढली, दोन पट्ट्या दाबून भाता मारत बसलो. दहा मिनिटांनी आतून आईचा आवाज आला, “अरे, जुळवून झालं असेल तर गा आता.”