रात्रपाळी

कडी लावली होती का नव्हती, हे मला आजही आठवत नाही. त्या संध्याकाळचं बाकी सगळं आठवतं. ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस होता, छत्री मागच्या पडवीत राहिलेली आणि मी पुढच्या दारात, मग डोक्यावर ओढणी घेऊन तशीच पळत गेले, खुराड्यात टॉर्च मारला, पिल्लं मोजली, अकरा भरली, दार ढकललं आणि पळत परत आले कारण गॅसवर दूध होतं. दार ढकललेला हात आठवतो. ओल्या लाकडाचा गारवा तळव्याला लागलेला आठवतो. त्याच हाताने पुढे कडी सरकवली का? तिथे एकदम ब्लँक. घराला कुलूप लावलं का, इस्त्रीचं बटण बंद केलं का, याचं जसं होतं ना तसंच, हात रोज तेच करतो म्हणून डोकं नोंदच ठेवत नाही.

सकाळी दार उघडं होतं. वाऱ्याने असेल, पंजाने असेल, माझ्यामुळे असेल.

मुळात कोंबड्या पाळणं हा काही आमचा बेत नव्हता. बँकेतली बदली, सिंधुदुर्गात भाड्याचं घर, घरामागे मोठं परडं आणि पलीकडे घरमालकीणबाई, ज्यांना सगळी वाडी काकी म्हणते म्हणून आम्हीही काकीच म्हणतो. आमचा मुलगा तिसरीत. तो शाळेतून आला की दप्तर टाकून थेट काकींच्या कोंबड्यांमागे. शेवटी काकींनी एक तांबडी कोंबडी आम्हाला देऊनच टाकली, वर बजावलं की ही आता खुडूक झालीय, तेरा अंडी घालून रवणीला, म्हणजे उबवायला, बसवा. टोपलीत भाताचं तूस, त्यात तेरा अंडी आणि वर ती पिसं फुगवून बसलेली, कोणी जवळ गेलं की फिस्स करून अंगावर येणार. दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईने दाणे टिपायची, पाणी प्यायची, आणि जेमतेम पंधरा मिनिटांत परत टोपलीत. सातव्या रात्री आम्ही अंधारात एकेक अंडं टॉर्चवर धरून बघितलं. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आणि मधे एक ठिपका. मुलगा श्वास रोखून बघत होता, आणि खरं सांगायचं तर मीही. एक अंडं मात्र नुसतंच पिवळं उजळलं, म्हणजे फुकट गेलेलं.

एकविसाव्या दिवशी अंड्यांना टोच पडायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा पिल्लं बाहेर, आणि एक बिचारं कवचातच राहिलं. अकरा म्हणजे अख्खी क्रिकेट टीम, मुलाने लगेच जर्सी नंबर वाटून टाकले.

मग सुरू झाली माझी काळजी, ती पण सगळी चुकीच्या दिशेने. मानमोडीच्या रोगाने जातील म्हणून सातव्या दिवशी लसीचे थेंब डोळ्यात घालून आणले. भिजतील म्हणून खुराड्यावर प्लास्टिक. घार नेईल म्हणून परड्यावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं. पण घारीची काळजी करायचं मला खरं तर काही कारणच नव्हतं, ते खातं तांबडीकडे होतं. मी किती वेळा बघितलंय, सगळी पिल्लं इकडेतिकडे उकरतायत, काकींनी आणून दिलेल्या वाळवीवर तुटून पडलीयत, आणि मधेच हिची मान वाकडी, एक डोळा वर आभाळाकडे, घशातून बारीक लांबट आवाज निघाला की अकराच्या अकरा जागच्या जागी चिकटलेली नाहीतर तिच्या पोटाखाली. वर बघावं तर खरंच घार, मला शोधायला लागायची इतकी लांब. कुत्रं आलं की मात्र वेगळा आवाज, कटकटकट असा, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा. वरचा शत्रू वेगळा, जमिनीवरचा वेगळा, तशा हाकाही वेगळ्या. सोळा दिवसांत उजेडी तिने एक पिल्लू गमावलं नाही.

पण कोंबडीला अंधारात जवळपास दिसत नाही. दिवेलागण झाली की ती आपणहून खुराड्यात शिरते, पिल्लांना पंखाखाली घेते आणि दगड होऊन बसते. हे मला काकींनी सांगितलं, तेही सगळं झाल्यावर. "गो बाय, कोंबयेक रातीचा दिसणा नाय. म्हणान तर आपण दार लावतंव." म्हणजे दिवसपाळी तिची होती आणि रात्रपाळी माझी. हा असा करार झालेला होता आणि मी त्यावर सही केलेली आहे हे मला माहीतच नव्हतं.

सकाळचं फार लिहीत नाही. सात पडलेली होती, बहुतेकांच्या मानेपाशी चावा, बाकी अंग जसंच्या तसं, पिवळी लव अजून गेलेली नव्हती. दोन नव्हतीच. तांबडी कोपऱ्यात, शेपटीची अर्धी पिसं उपटलेली, आणि मी तिला उचलायला गेले तर पंखाखालून दोन डोकी बाहेर आली. नंबर चार आणि नंबर नऊ. मी तिथेच चिखलात बसले आणि रडले, बँकेत पावणेदहाला पोचायचं होतं तरी.

त्याहून वाईट दुपारचं. नवऱ्याने कणी टाकली तशी ती टुक टुक करत पुढे आली, एक दाणा चोचीत उचलला, खाली टाकला, परत उचलला, परत टाकला. पिल्लांना बोलावतात ते असं. दोघं आली आणि खाल्लं. ती मात्र अजून टुक टुक करतच होती, दाणा उचलून, टाकून, थोडी थांबून. आता कोंबडीला मोजता येतं का, उरलेल्या नऊ जणांसाठी ती थांबली होती का, मला काय माहीत. पण नवऱ्याने मोबाइलवर पाठवलेला तो व्हिडिओ मी वॉशरूममध्ये जाऊन तीनदा बघितला आणि मग डिलीट केला.

संशयित नंबर एक होता शेजारचा बोका. मुलाने त्याला दगड मारला आणि मी बघूनही काही बोलले नाही, हे पण लिहून ठेवते. मुंगूस म्हणावं तर ते दिवसा फिरतं. साप पिल्लू अख्खं गिळतो, सात मारून टाकून जात नाही. काकी आल्या, वाकून मान वगैरे नीट बघितली आणि म्हणाल्या, "मांजार नाय तां. मांजार एक नेता आणि जाता." मग संध्याकाळी त्यांनी चुलीतली राख आणून खुराड्याभोवती चाळणीने पसरली, रांगोळीच्या आधी अंगण सारवतात ना तशी एकसारखी. एकदा चव लागली की परत येतंच म्हणाल्या. तांबडीला आणि दोघांना आम्ही न्हाणीघरात घेतलं होतं. सकाळी राखेत पावलं उमटलेली. मुलगा पालथा पडून मोजायला लागला, बोटं पाच. मांजराची चारच उमटतात. म्हणजे कांडेचोर, आपलं उदमांजर. बोका सुटला निर्दोष. त्या दिवशी मी त्याला बशीभर दूध ठेवलं, तो लांबूनच बघून निघून गेला, बरोबरच आहे त्याचं.

कांडेचोर हा तसा फळं खाणारा प्राणी, आंबे, फणस, माडीच्या मडक्यात तोंड घालणारा. इंडोनेशियात याने खाऊन टाकलेल्या बियांपासून जगातली महागडी कॉफी करतात म्हणे, आणि आमच्याकडे येऊन त्याला पिल्लंच दिसली. रात्री गूगल करता करता मला हान्स क्रूक नावाचे एक शास्त्रज्ञ सापडले. त्यांनी १९७२ साली यावरच लिहिलंय, शिकारी प्राणी खायला लागतं त्यापेक्षा जास्त का मारतात यावर. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांची वसाहत, आणि अगदी काळोख्या रात्री कोल्हे तिथे जाऊन पक्षी मारायचे आणि बहुतेक तसेच टाकून जायचे, कारण त्या अंधारात पक्षी उडतच नसत. शिकाऱ्याचं पोट भरतं तेव्हा शोधाशोध थांबते, पण समोर हलणारं काही असेल आणि ते पळून जात नसेल तर मारायची कळ दाबलेलीच राहते, असं काहीसं. एरवी बाकीचे पळून जातात म्हणून तो आपोआप थांबतो. (१९७२ म्हटलं की आमच्या घाटावरच्या आजीला दुष्काळ आठवायचा, आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा, म्हणजे त्या कांडेचोराला मी काही करूही शकत नाही, आणि करायचंही नव्हतं.)

हे वाचून बरं वाटायला हवं होतं. त्याने दुष्टपणाने मारलं नाही हे समजलं. पण मग पुढचं पण समजलं ना. तिथे पळायला जागा नव्हती, आणि ती खोकी मी बनवून घेतली होती, साडेतीन फूट बाय दोन फूट, तीन बाजूंनी फळ्या. पिल्लं सुरक्षित राहावीत म्हणूनच.

आता एक गोष्ट कोणीतरी विचारणारच, तर मीच विचारते. आम्ही चिकन खातो. दर रविवारी नवरा पिशवी घेऊन जातो, त्या आठवड्यातही गेला. आणि ही अकरा मोठी झाली असती तर त्यातले कोंबडे काय आम्ही कॉलेजला पाठवणार होतो? मे महिन्यात सासरची मंडळी येणार, वडे-सागोती होणार, हे न बोलता ठरलेलंच होतं. काकींनी तर तांबडी रवणीला बसली तेव्हाच एक कोंबडा राखणदाराला बोलून ठेवला होता, म्हणजे घराची, परड्याची राखण करणाऱ्या त्या अदृश्य माणसाला वर्षाला कोंबडा द्यायचा, तोच राखणेचा कोंबडा. मी काकींना जरा वैतागूनच म्हटलं की मग तुमच्या राखणदाराने त्या रात्री राखण का नाही केली. काकी अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुका सांगलेलंय मा गो, कडयेक खिळो घाल म्हणान." म्हणजे देवाचं देवाकडे, कडीचं तुझ्याकडे.

खाण्यासाठी मेलेल्या कोंबडीचं मला काही वाटत नाही आणि या नऊ जणांचं वाटतं, यात ढोंग आहे का यावर मी बराच विचार केला, मुख्यतः बसमध्ये. ढोंग असेलही थोडं. पण दुकानातल्या कोंबडीने माझ्यावर कधी काही सोपवलं नव्हतं. हिने रोज संध्याकाळी सोपवलं. सहा-सव्वासहाला स्वतःहून आत जायची, अकरा जणांना पोटाखाली घ्यायची, आणि पापण्या खालून वर मिटायची, कोंबडीच्या तशाच मिटतात. दार कोणीतरी लावणार आहे हे गृहीत धरून.

लोक समजूत घालतात. ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या, अगं निसर्ग आहे. आई फोनवर म्हणाली, तुमच्यावरचं संकट त्यांच्यावर गेलं समज. यातलं काहीही मला लागू पडलं नाही. उपयोग झाला तो काकींच्या एका वाक्याचा, "माझी वीस गेली हत एका रातीत," इतकंच, आणि पुढे भाजी निवडत बसल्या. वीस! मला त्यांची कहाणी ऐकायची होती, किती साली, कसं, तुम्ही काय केलंत, पण त्यांनी विषय लाल माठाच्या जुडीवर नेला. सातही पिल्लं त्यांनीच सांगितल्याप्रमाणे माडाच्या मुळात पुरली, खत होईल म्हणून. मुलाने वर दगड मांडले, जर्सी नंबर खडूने लिहिले, पुढच्या सरीत धुवून गेले. त्याने मला एकदाच विचारलं, "आई, तू कडी लावली होतीस ना?" मी म्हटलं, आठवत नाही रे. तो म्हणाला, बरं. त्या "बरं"चा अर्थ मी अजून लावतेय.

मधे सुताराला बोलावून खुराडं बदललं. कोंबडीची म्हणून मिळते ती षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला आत येण्यापासून रोखायला ती काही कामाची नाही, नख घालून ताणली तर उसवते, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डची जाळी मारली. खालूनही मारली. कडीला खिळा, खिळ्याला दोरी, म्हणजे खिळा हरवायचा नाही. नंबर चार कोंबडा निघाला, आरवायचा प्रयत्न करतो आणि खोकल्यासारखा आवाज येतो. नंबर नऊ तलंग झालीय, म्हणजे अंड्यावर येण्याआधीची तरणी कोंबडी. तांबडी परत अंडी द्यायला लागली आणि फेब्रुवारीत पुन्हा खुडूक झाली. मी म्हटलं नको. तर एक दिवस काकी पदरात तेरा अंडी घेऊन दारात उभ्या.

बसवलीयत. आज नववा दिवस.

रात्री अकराला मी टॉर्च घेऊन जाते, कडी ओढून बघते, खिळा दाबून बघते, आतून तांबडी झोपेत कुर्र करते. परत येऊन पाय पुसते, आडवी होते. नवरा कुशीवर वळून म्हणतो, लावलीस ना? लावली. मग दहा मिनिटं जातात आणि दार ढकललेला तो ओला हात आठवतो, की मी उठून चपला शोधायला लागते.