ताजमधला साहेब

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर यादी ढकललेली: भारतातली झपाटलेली हॉटेलं. त्यात आपलं ताज आहेच. आणि भूतही तेच जुनं, साहेबाचं.

ही गोष्ट तुम्हालाही कुणीतरी सांगितली असणारच. आम्हाला मामाने सांगितली, गेटवेजवळच्या कठड्यावर बसून खारे दाणे खाताखाता. "साहेबाने नकाशा काढला नि विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं! तोंड गावाकडे, पाठ समुद्राला. तसाच वर गेला नि मारली उडी." कुठल्या खिडकीतून, हे मला कळायलाच हवं होतं. मामाने जराही न अडखळता एकीकडे बोट केलं. तिच्या सज्जावर दोन कबुतरं भांडत होती. दाण्यांची सालं फुंकून मामा म्हणाला, "तीच."

उलटंबिलटं काही नाही. ताज उघडलं 16 डिसेंबर 1903 ला, तेव्हा गेटवेचा पत्ताच नव्हता. ते पुरं झालं 1924 मध्ये. घोडागाड्या गावाकडून यायच्या, म्हणून दार तिकडे. तिथल्या बागेच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे. आणि ज्या चेंबर्स साहेबाच्या नावावर ही उडी खपवतात, त्याने तर उलट अर्धवट राहिलेलं काम तडीस नेलं.

अर्धवट का राहिलं? कारण मूळ आराखडा होता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, आणि वैद्य 1900 मध्येच वारले. व्हीटी स्टेशनच्या बांधकामावर साहाय्यक अभियंता होते तेच हे वैद्य. आता आपल्याकडे भूत व्हायचे काही रीतसर नियम आहेत. मुंज झाली नि लग्न राहिलं तर मुंजा. कुणाचा जीव घरात अडकतो, कुणाचा पुरलेल्या हंड्यात. या हिशेबाने ताजवर पहिला हक्क वैद्यांचा. पण जिन्यात दिसतो तो टोपीवाला साहेब! भुताटकीतही आपला माणूस मागेच.

पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचं इस्पितळ होतं, म्हणजे भुतांना तोटा नसावा. तीही कुणाला दिसत नाहीत. नोव्हेंबर 2008 मध्ये त्याच जिन्यांवर, त्याच खोल्यांमध्ये माणसं मारली गेली. त्यांच्या गोष्टी रचायला अजून कुणाची जीभ रेटलेली नाही, हे बरंच आहे. यादीत तेवढी लाज शिल्लक होती.

वैद्यांचं मात्र डोक्यातून जाईना. संध्याकाळी मामाला फोन लावला. आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागलं. मग म्हणाला, "अगं, वैद्यांचं दिवसपाणी रीतसर झालं असेल. साहेबाचं इथे कोण करणार?"