काही आणायला नको

आमच्या लीड्सच्या घराला लागून एक आजी राहतात. इथे त्यांना सगळे, अगदी पाच वर्षांची पोरंसुद्धा, नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, म्हणून मनातल्या मनात आजीच. मागच्या वर्षी दीड दिवसाच्या गणपतीला त्यांना दर्शनाला बोलावलं आणि मेसेजच्या शेवटी लिहिलं, ‘यू मस्ट नॉट ब्रिंग एनिथिंग.’

आजी ठरल्या वेळेला दारात. हात रिकामे, चेहरा गोरामोरा. हळूच विचारलं, ‘पर्स आत आणली तर चालेल ना?’ बाहेर पाऊस होता, तरी छत्री त्यांनी पायरीवरच ठेवली होती. मला काही कळेना. आरती झाली, मोदक झाले, मग त्या म्हणाल्या की सकाळी लिंबाचा केक केला होता, पण तुमच्या धर्मात बाहेरचं काही आत आणायचं नसतं हे कळल्यावर तो घरीच ठेवला. कोणी सांगितलं असं? ‘तूच की!’

मी मनातल्या मनात ‘काही आणायला नको हं’ असं म्हटलं होतं आणि ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत टाकलं होतं. आपला ‘नको’ दोन्ही कामं करतो. ‘उद्या शाळेत जायला नको’ म्हणजे सुट्टी, आणि ‘असं बोलायला नको होतंस’ म्हणजे चूक झाली. कुठला ‘नको’ कुठला, हे आपल्याला सुरावरून कळतं. इंग्रजीत मात्र त्याचे दोन तुकडे आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे आहेत. ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे गरज नाही, वाटलं तर करा. गंमत म्हणजे होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शेजारी शेजारी बसतात; नकार जोडला की तोंडं फिरवतात. शाळेत आम्ही दोन्हींचा अर्थ ‘पाहिजे’ असा पाठ केला होता. नकाराचं प्रकरण बहुधा परीक्षेत यायचं नसावं.

ऑफिसात तर मी याहून मोठा घोळ घातला. आपल्याकडे पत्रात ‘कृपया आपला अभिप्राय शुक्रवारपर्यंत कळवावा’ असं लिहिलं की कोणाला राग येत नाही. उलट ‘कळवा’पेक्षा ‘कळवावा’त अदब जास्त. हा ‘वावा-वावे’ मी सरळ ‘शुड’ने भाषांतरित करत होते. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांना लिहिलं, ‘यू शुड सेंड युअर कमेंट्स बाय फ्रायडे.’ उत्तर आलं, एका ओळीचं, थंडगार. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने मेल वाचला आणि कपाळाला हात लावला. त्याच्या मते, मी त्यांना त्यांचं कर्तव्य शिकवत होते. मोठ्या माणसाला ‘तुम्ही वेळेवर यायला हवं’ असं सुनवावं, तसं. मग लिहायचं काय? तर ‘शुक्रवारपर्यंत मिळालं तर फार मदत होईल.’ म्हणजे सक्तीचं वाक्य लिहायचं, पण त्यात सक्तीचा एकही शब्द ठेवायचा नाही.

हे उलट बाजूनेही अंगाशी आलं. साहेब माझ्या रिपोर्टवर म्हणाले, ‘यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट दिस.’ तुला पुन्हा एकदा बघावंसं वाटेल कदाचित. मी विचार केला, नाही वाटलं, सोडून दिलं. दोन दिवसांनी विचारणा झाली, तेव्हा कळलं की तो हुकूम होता.

आणि जिथे खरोखर ‘मस्ट’ म्हणतात तिथे सक्तीचा पत्ता नसतो. ‘यू मस्ट ट्राय धिस’ हा आग्रह. ‘आय मस्ट बी गोइंग’ म्हणत माणूस आणखी वीस मिनिटं दारात बोलतो. ‘वी मस्ट हॅव यू राउंड फॉर डिनर’ ऐकून मी पहिल्या वर्षी कॅलेंडर उघडून तारीख विचारली होती. त्या बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुण्यात ‘या एकदा घरी’ म्हणतात, ते आणि हे सख्खे भाऊ आहेत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

या देशात इंग्रजी सरळ बोलताना मी एकाच ठिकाणी पाहिली, ती म्हणजे वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक, ‘हायवे कोड’. भारतातलं लायसन्स इथे १२ महिने चालतं. त्यानंतर शिकाऊ लायसन्स, मग लेखी परीक्षा, मग गाडी चालवून दाखवायची. वीस वर्षं सातारा-पुणे केलेलं असलं तरी. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर यावे लागतात. मला पहिल्या खेपेला ४१. म्हणून ते पुस्तक अक्षरशः घोकलं.

१९३१ साली ते पहिल्यांदा निघालं, तेव्हा किंमत एक पेनी होती. आजच्या छापील पुस्तकात काही वाक्यांत ‘मस्ट’ हा शब्द मोठ्या, ठळक, लाल अक्षरांत असतो. लाल ‘मस्ट’ दिसला की समजायचं, मागे कायदा उभा आहे. मोडलात तर तो गुन्हा. नुसता ‘शुड’ असेल तर तो सल्ला. तो पाळला नाही म्हणून तेवढ्यावर खटला होत नाही, पण अपघात होऊन प्रकरण कोर्टात गेलं तर तुम्ही सल्ला ऐकला नव्हता हे तुमच्याविरुद्ध मांडता येतं. तशी तरतूद १९८८च्या रस्ते वाहतूक कायद्यात आहे.

झेब्रा क्रॉसिंगचा नियम तर मी आईला फोनवर वाचून दाखवला. माणूस पट्ट्यांवर आलेला असेल तर गाडीवाल्याने थांबणं ‘मस्ट’. माणूस कडेला वाट बघत उभा असेल तर थांबणं ‘शुड’. हा कडेचा भाग २०२२च्या जानेवारीत बदललेल्या नियमांतून आला. म्हणजे सल्ला आणि कायदा यांच्यात फक्त एका पावलाचं अंतर. आई म्हणाली, ‘आमच्या पोवई नाक्यावर ये, सगळंच माइट वॉन्ट टू आहे.’

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या सरकत्या जिन्यापाशी पाटी असते, ‘डॉग्ज मस्ट बी कॅरीड’. कुत्र्यांना उचलून घ्यावे. यावर इथला जुनाच विनोद आहे: जवळ कुत्रा नसलेल्याने मग वर जायचं कसं? आपल्याकडच्या पाटीवाल्याने न सांगता ‘कुत्रा असल्यास’ घातलं असतं. ‘पादत्राणे बाहेर काढावीत’, ‘येथे थुंकू नये’ लिहिणारी आपण माणसं. कोणी काढावीत, कोणी थुंकू नये, ते आपापलं समजून घ्यायचं.

परीक्षेच्या नादात मी लायब्ररीतला जाडजूड शब्दकोशही चाळला. ‘ऑट टू’ म्हणजे ‘शुड’चाच भाऊ, ‘करायला हवं’. त्यातलं ‘ऑट’ हे मुळात ‘ओ’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप. ओ म्हणजे कोणाचं देणं लागणं. मी उभ्या उभ्या हसले. आपल्याकडेही देणं ‘लागतं’ आणि जावं ‘लागतं’, तेच क्रियापद! फरक एवढाच की इंग्रजीत ‘आय’ ऐटीत कर्ता बनून पुढे उभा राहतो, आणि मराठीत ‘मला’ जावं लागतं. भूक लागावी, ऊन लागावं, तसं ते आपल्याला येऊन लागतं. मला आपलं जास्त खरं वाटतं. सोमवारी सकाळी तर नक्कीच.

दुसरी गाठ आजींमुळे पडली. गेल्या महिन्यात कुंपणापलीकडून म्हणाल्या, ‘दॅट गटर वॉन्ट्स क्लीनिंग.’ मी आधी रस्त्याकडे पाहिलं, कारण आपलं गटार खाली असतं. इथलं गटर म्हणजे छपराची पन्हळ. पण गटरला हवं कसं काही? इकडे उत्तरेत असंच बोलतात: कुंपणाला छाटणी हवी असते, दाराला रंग हवा असतो. आणि आपण? चहा पाहिजे, आणि पन्हळ साफ करायला पाहिजे. मागणं आणि कर्तव्य, एकाच शब्दात. शाळेतल्या त्या पाठांतरातला ‘पाहिजे’ मला यॉर्कशायरच्या कुंपणावर असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

पुढे त्या म्हणाल्या, ‘यू वॉन्ट टू गेट दॅट डन बिफोर विंटर.’ या खेपेला मी ‘नाही, मला नाही वाटत’ असं मनातसुद्धा म्हटलं नाही. शिडी त्यांच्याकडेच होती. ती आणायला जाताना डबाभर चकल्या नेल्या. काही आणू नकोस, असं त्यांनी सांगितलेलं नव्हतं.