दीड गुंठ्याची मोजणी

करवीर तालुक्यातली मोजणी. सख्खे भाऊ, मधे बांध, वाद दीड गुंठ्याचा. थोरला म्हणतोय धाकट्यानं बांध कोरला, धाकटा म्हणतोय बांध आजोबांनी घातला तिथंच आहे. भूकरमापकाला यात नवं काही नाही.

चिंचेखाली रोव्हरला, म्हणजे उपग्रहावरून मोजणी करणाऱ्या यंत्राला, सिग्नल धरेना, म्हणून खोळंबलो. धाकट्याची नववीतली पोरगी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "साहेब, जगातला सगळ्यात लहान देश किती गुंठ्यांचा?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मोबाईलवर आकडेमोड केली. व्हॅटिकन, सुमारे ४४ हेक्टर. म्हणजे १०९ एकर, साधारण ४,३५० गुंठे.

थोरला लांब मेरेवर पाठ करून बसला होता, पण कान इकडंच. "एकशे नऊ एकराचा देश? आमच्या भावकीचीच जमीन तेवढी भरंल की!"

मग मलाच चेव चढला. दुसऱ्या नंबरचा मोनॅको, जेमतेम दोन चौरस किलोमीटर. आपल्या शिवाजी विद्यापीठाचं आवार ८५३ एकर. त्यात मोनॅको आणि व्हॅटिकन दोन्ही बसवले तरी दोनशे एकरांवर जागा उरते. सॅन मरिनो ६१ चौरस किलोमीटर, कोल्हापूर शहर ६६.८२. जागा पुरेना म्हणून मोनॅकोनं समुद्रात भर घालून जमीन केली. अलीकडेच, २०२४ मध्ये, अशा सहा हेक्टरांवर नवी वस्ती खुली झाली.

"म्हंजे समुद्रात हद्दवाढ," धाकटा म्हणाला. "मासं मोर्चा काढत न्हाईत, म्हणून जमलं." कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावचाच तो.

नाउरूचं ऐकून मात्र दोघंही गप्प झाले. २१ चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेटसाठी बहुतेक सगळं उकरून झालं, मधल्या भागात चुनखडीचे सुळके तेवढे उरले. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं पीक खतावर उभं असतं, आणि त्या खतातलं फॉस्फेट कुणाच्या तरी जमिनीतून निघालेलं असतं.

"व्हॅटिकनला बांध हाय का?" थोरल्यानं विचारलं. पहिल्यांदाच तोंड इकडं केलं.

बहुतेक बाजूंनी उंच भिंत आहे, मी सांगितलं. १९२९ च्या कराराला नकाशाच जोडलेला आहे. पण सेंट पीटरच्या चौकात भिंत नाही, फरशीत पांढरी रेघ आहे. अलीकडं इटली, पलीकडं पोप.

"रेघंवरनं नांगर फिरीवला तर?" म्हणत तो धाकट्याकडं बघायला लागला. पोरगी फिसकन हसली. धाकटा नाही हसला.

तेवढ्यात रोव्हरला सिग्नल नीट धरला, फिक्स आला. दुपारपर्यंत खुणा गाडल्या. बांध सरकला होता, पण दीड गुंठा नव्हे, पाऊण. धाकट्यानं मुकाट्यानं सही केली. थोरल्यानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज कुठं करायचा, तेवढं विचारून घेतलं.