आधी आडवी हो, मग फोटो काढ

पुण्यातून माउलींची पालखी निघाली की सासवडपर्यंतचा टप्पा सगळ्यात मोठा. तीस किलोमीटरच्या वर चाल आणि वाटेत दिवेघाट. घाटात टाळांच्या नादात पाय आपोआप उचलले जातात. दुखतंय किती, ते तंबूत टेकल्यावर कळतं. बरं, सासवडला पालखीचे दोन मुक्काम असतात. पायांचा एवढा विचार करून केलेली आखणी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या. विसावा आला की आम्ही शहरातल्या मोबाइल काढायचो. आजी चपला काढायच्या. तांब्याभर पाण्यात पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा पदराने कोरड्या करायच्या, टाचेला खोबरेल चोळायचं. मग पडशी उशाला, पाय बाभळीच्या बुंध्याला लावून वर. दोन मिनिटांत घोरायला सुरुवात. मला म्हणाल्या, "ए माउली, फोटू मग काढ. आडवी हो आधी."

पाण्यावरूनही त्या रागवायच्या. बायका वाटेत पाणी कमी पितात, कारण उघड आहे. फिरती शौचालयं आता बरीच असतात, पण रांगा त्याहून मोठ्या. तहान मारली की दुपारी डोकं ठणकतं, चक्कर येते, आणि उपास बाधला असं आपण म्हणतो.

नीरा ओलांडून लोणंदला पोचेपर्यंत माझा उजवा गुडघा सुजला होता. दिंडीप्रमुख म्हणाले, "उद्या ट्रकमधून पुढे जा, माउली." लोणंद ते तरडगाव चाल तशी थोडी, पण वाटेत चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो ते. नेमकं तेच हुकणार! रात्रभर जीव खाली-वर झाला. सकाळी जिना चढल्यासारखं पाऊल टाकून पाहिलं, गुडघा वाकेना. मग ट्रकमध्ये चढले.

ट्रकमध्ये बसलं की वारी मोडली, असं मानणारे भेटतात. मला ते पटत नाही. दिंडीचा स्वयंपाक करणारी मंडळी रोज ट्रकनेच पुढे जातात; ते वारकरी नाहीत असं म्हणायची कोणाची छाती आहे? हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पण ती धरणारी माणसं पहाऱ्यागणिक बदलतातच की. मी तरडगावला पाय लांब करून कोथिंबीर निवडली, तांदळातले खडे काढले आणि दुपारी राहुटीत गाढ झोपले.

संध्याकाळी आजी आल्या त्या रिंगण सांगतच. अश्व कसा सुटला, ते तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा अश्व आधीपेक्षा जोरात धावला. पदराच्या गाठीत टापांखालची माती बांधून आणली होती. चिमूटभर माझ्या कपाळाला लावली, उरलेली गुडघ्यावर चोळली. त्या वळल्यावर मी तिच्यावरच डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून टाकलं.